आखाजी ते मृग : घरच्या सुट्टीची आखणी

खानदेशात उन्हाळ्याच्या सुट्टीला दोन टोकं असतात. एका टोकाला आखाजी, दुसऱ्या टोकाला मृग. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चंद्राच्या तिथीने येते, त्यामुळे ती पुढेमागे सरकते. 2025 साली ती 30 एप्रिलला होती, 2026 साली 19 एप्रिलला. मृग नक्षत्र सूर्यावर ठरतं, म्हणून ते दरवर्षी 7-8 जूनलाच लागतं आणि त्यानंतर आठवडाभरात शाळा उघडते. शाळेच्या हिशेबाने पाहिलं तर सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, जेमतेम सहा आठवड्यांची.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पांझरेकाठी वसलेलं पिंपळनेर हे या प्रकरणापुरतं आपलं गाव. मधे बाजारपेठ, भोवती कांद्याची आणि मक्याची शेतं, पश्चिमेला डोंगर चढू लागले की कोकणी आणि भिल्ल वस्त्यांचे पाडे. इथल्या एखाद्या घरात तीन ते आठ वर्षांचं मूल आहे आणि सुट्टी लागली आहे. आईबापांच्या मनात दोन गोष्टी असतात. शिकलेलं विसरणार तर नाही ना, ही एक. आणि दिवसभर याला गुंतवायचं कशात, ही दुसरी. त्यातून मग दुकानातून सरावाच्या वह्या येतात, पुढच्या इयत्तेचं पुस्तक येतं, चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन एबीसीडी गिरवून घेणं सुरू होतं. माझं स्पष्ट मत आहे की या वयात यातल्या कशाचीच गरज नाही. या सहा आठवड्यांत खानदेशातल्या घरात जी कामं चालू असतात, त्यांत भाषा, गणित आणि विज्ञान भरपूर आहे. पालकाने आखायचं ते एवढंच की त्या कामात मुलाला जागा कुठे द्यायची आणि रोजच्या वाचनाची वेळ कोणती ठेवायची.

विसरण्याच्या भीतीबद्दल आधी बोलू. ती अगदीच निराधार नाही. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली या विषयावरचे 39 अभ्यास एकत्र तपासले. सुट्टीनंतर मुलांचे गुण सरासरी एका महिन्याच्या शिक्षणाइतके मागे गेलेले दिसले. आकडेमोड आणि शुद्धलेखन जास्त विसरलं जातं, असंही आढळलं. वाचनात मात्र चित्र दुभंगलेलं होतं. मध्यमवर्गीय घरांतली मुलं सुट्टीत थोडी पुढेच गेली, आणि गरीब घरांतली मुलं मागे पडली. पुढे काही अभ्यासकांनी मोजण्याच्या पद्धतीवर शंका घेतल्या, तो वाद अजून चालू आहे. शिवाय तिकडची सुट्टी आपल्यापेक्षा बरीच लांब असते. तरी त्यातला एक धागा आपल्या कामाचा आहे : सुट्टीत मुलाचं काय होतं हे घरातल्या बोलण्यावर आणि हाताशी असलेल्या पुस्तकांवर अवलंबून असतं.

घर आणि अंगण हीच लहान मुलाची शाळा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. 1926 साली त्यांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरीची लाकडी, मोजूनमापून बनवलेली साधनं शहरातल्या बालमंदिरांना परवडत होती, खेड्यांना नाही. 1945 साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. आदिवासी वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं झाली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना जे ‘अंगणवाडी’ हे नाव मिळालं, ते याच कामातून आलेलं. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत. पण मुलाच्या आसपास जे आहे त्यातूनच शिकवायचं, ही मूळ कल्पना पोषण आहाराच्या नोंदींखाली पुष्कळदा दबून जाते. ती घरात पुन्हा जिवंत करता येते, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

आपल्या राज्याने सुट्टीतल्या घरच्या शिक्षणाचा एक मोठा प्रयोगही करून पाहिला आहे. करोनाच्या दोन वर्षांत अंगणवाड्या बंद राहिल्या होत्या. त्या मुलांचा पहिलीत प्रवेश व्हायचा तेव्हा, 2022 साली, ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. शाळेत उन्हाळ्याच्या तोंडावर एक मेळावा, जूनमध्ये दुसरा. मेळाव्यात मूल एकेका टेबलापाशी जातं, उड्या मारतं, वस्तूंचं वर्गीकरण करतं, चित्र पाहून बोलतं, मोजतं, आणि त्याला काय येतं याची नोंद विकासपत्रावर होते. खरं काम या दोन मेळाव्यांच्या मधल्या आठवड्यांत. वस्तीतल्या आयांचे गट करायचे, त्यांना दर आठवड्याला सोप्या कृती द्यायच्या आणि त्यांनी त्या घरच्या वस्तू घेऊन मुलांकडून करून घ्यायच्या. आईला लिहितावाचता येत नसेल तरीही हे जमतं. बिहार आणि राजस्थानातल्या खेड्यांत झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात आयांना साक्षरतेचे वर्ग आणि मुलांबरोबर करायच्या कृती दिल्या गेल्या होत्या. मुलांच्या गणितात झालेली वाढ लहान होती, पण ती झाली. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत असा मेळावा होत असेल तर चुकवू नका.

आता सहा आठवड्यांकडे वळू. पहिला आठवडा मोकळा सोडा. मामाच्या घरी जाणं, पाहुण्यांचं येणं, लग्नं यांत तो तसाही जातो. चुलतमामे भावंडांच्या घोळक्यात लहान मूल जेवढं बोलतं तेवढं वर्षभरात कुठेच बोलत नाही, तेव्हा हा वेळ वाया जात नाही.

आखाजीला झाडाला बांधलेला झोका सणानंतरही तसाच राहू द्या. सहासात वर्षांच्या मुलाला विचारा : तू बसलीस तर झोका लवकर जातो-येतो, की मोठी ताई बसल्यावर? मुलं ठामपणे काहीतरी सांगतात. मग दहा हेलकावे मोजायचे आणि मोबाईलच्या घड्याळावर वेळ पाहायची. वजन बदललं तरी वेळ जवळजवळ सारखाच येतो. तोच प्रयोग दाराच्या चौकटीला दोरीने दगड बांधून करा आणि दोरी निम्मी करा. हेलकावे लगेच भरभर होतात. लंबकाचा नियम मुलाला सांगू नका. ते स्वतःच्या शब्दांत जे म्हणेल ते पुरेसं आहे. सांगायची घाई झाली की मूल विचार करायचं थांबतं.

मग येतात वाळवणाचे दिवस, आणि माझ्या मते सगळ्या सुट्टीतला सर्वांत श्रीमंत आठवडा हाच. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतात. रोज पाणी बदलताना मुलाला भांड्याजवळ बसवा. पहिल्या दिवशी दाणा कसा आहे, दुसऱ्या दिवशी दाबला तर काय होतं, वास कसा बदलला, पाण्यावर बुडबुडे का आले, हे त्याला पाहू द्या, हुंगू द्या. तिसऱ्या दिवशी वाटून गाळल्यावर भांड्यात पांढरा चीक खाली बसतो आणि वर पाणी राहतं. तो बसताना बघणं हा सहा वर्षांच्या मुलासाठी प्रयोगशाळेचा तास आहे. चीक शिजत असताना मात्र मुलं चुलीपासून लांबच हवीत. शिजलेला चीक वाटीत घेऊन खायला ती आपोआप येतातच. सोऱ्यातून पडणारी कुरडई, ज्वारीच्या बिबड्यांचा गोल, नागलीचा पापड, प्रत्येकाचा आकार आणि वाळायला लागणारा वेळ निराळा. सकाळी घातलेला बिबडा आणि दुपारी उचललेला बिबडा हातात घेऊन कोणता जड, हे विचारा.

उडदाचे पापड म्हणजे तर सरळ गणित. एक लाटी, एक पापड : मोजणं म्हणजे काय, हे चार वर्षांच्या मुलाला यातून जसं कळतं तसं शंभरपर्यंत पाठ म्हणून दाखवण्यातून कळत नाही. पाठ म्हणणं आणि एका वस्तूला एकच अंक लावत जाणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि पहिली आली की दुसरी आलीच असं आपण उगाच धरून चालतो. खाटेवर सुती साडी अंथरून दहा-दहाच्या ओळीत पापड मांडायला लावले की दुसरीतल्या मुलाला पाढा डोळ्यांनी दिसतो. चार ओळी पूर्ण आणि पाचवीत सहा, तर किती? उचलताना तुटलेले किती, चांगले किती? शेजारणी लाटायला येतात तेव्हा प्रत्येकीने किती लाटले याची नोंद मुलाकडे द्या. तो भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढेल, पाचवी रेघ आडवी मारायला शिकेल. हे काम त्याला मनापासून महत्त्वाचं वाटतं, कारण ते खरोखर महत्त्वाचं असतं. बायकांनाही हिशेब हवाच असतो.

ज्या घरात उन्हाळ कांदा निघाला आहे तिथे चाळीत भरण्यापूर्वीची निवड चालू असते. मोठा कांदा वेगळा, गोल्टी वेगळी, जोड वेगळा, सडका बाहेर. वर्गीकरण हा गणिताचा आणि विज्ञानाचा पाया आहे आणि इथे तो ढिगाने पडलेला आहे. मुलाला टोपलीभर कांदे देऊन त्याच्या मनाप्रमाणे गट करू द्या, आणि मग हे गट का केले ते विचारा. पश्चिमेकडच्या पाड्यांवर मोहाची फुलं वेचून संपलेली असतात, टोळंब्या धरू लागतात, टेंभुर्णी पिकतात. तिथल्या पाच वर्षांच्या मुलाला झाडांची जितकी नावं येतात तितकी शिक्षकालाही येत नसतील. ती नावं त्याच्याकडून शिकून घ्या. मोठं माणूस आपल्याकडून शिकतं आहे, हा अनुभव मुलाला फार कमी वेळा मिळतो.

चिंचोके गोळा करून ठेवा. एकी-बेकीचा खेळ म्हणजे सम-विषम संख्या. मुठीतले चिंचोके दोन-दोन करून मांडले आणि एक उरला, की विषम. सागरगोटे बोटांची पकड घडवतात, आणि पेन्सिल धरण्यासाठी हीच पकड लागते. म्हणून चार वर्षांच्या मुलाला लिहायला बसवण्यापेक्षा त्याला शेंगा सोलायला, लाट्या करायला, मातीची बैलजोडी करायला द्यावी.

खानदेशच्या उन्हाला आपण नावं ठेवतो, पण त्या उन्हात एक अशी गोष्ट दडलेली आहे जी दिल्लीच्या मुलांना कधीच बघायला मिळत नाही. पिंपळनेर सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. पहिल्यांदा 25 मेच्या आसपास, सुट्टीच्या ऐन मध्यावर, सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो त्याच सुमारास. दुसऱ्यांदा जुलैत, पण तेव्हा ढग असतात. त्या मेच्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास सपाट जागेवर उभा ठेवलेला पेला किंवा खांब आपली सावली स्वतःखाली घेतो. बाराला नाही, साडेबाराला. कारण आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे आणि सूर्य आपल्या माथ्यावर अर्धा तास उशिरा येतो. याची तयारी आठवडाभर आधी सुरू करा. ओट्याच्या कोपऱ्यात काठी रोवून रोज त्याच वेळी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. खडे काठीकडे सरकत जातात. उन्हात पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, डोक्याला रुमाल हवा, आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही. बाकी दुपार, साधारण अकरा ते चार, घरातच जावी. झोप, गोष्टी, बैठे खेळ यांचीच ही वेळ. रात्री अंगणात खाटा पडल्या की उत्तरेला सप्तर्षी उंचावर दिसतात. चंद्र रोज कुठे आणि केवढा, याचं चित्र महिनाभर काढलं तर आखाजी दरवर्षी का सरकते, हा प्रश्न मोठं मूल स्वतःच विचारेल.

या सगळ्यात जी एक गोष्ट आपोआप होत नाही आणि मुद्दाम ठरवावीच लागते, ती म्हणजे वाचन. रोज पंधरा-वीस मिनिटं, वेळ एकच. दुपारच्या झोपेआधीची उत्तम. मूल मांडीवर किंवा शेजारी, पुस्तक दोघांच्या मधे. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचायचं. लहान मुलं परत परत ऐकूनच शब्द पक्के करतात. वाचताना थांबून विचारायचं : आता काय होईल? हा का रडतोय? ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1988 साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं होतं की नुसतं वाचून दाखवू नका, मोकळे प्रश्न विचारा आणि मुलाच्या उत्तराला पुढे जोडा. महिनाभरात त्या मुलांची भाषा इतर मुलांच्या पुढे गेलेली दिसली.

पुस्तकं कुठून आणायची? माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं आणि नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं मागवता येतात. 1971 पासून निघणाऱ्या बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता आणि छापून घेता येतात. मोबाईलचा सुट्टीतला चांगला उपयोग मला हा एवढाच दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची कमाल मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, आणि कमी तितकं बरं असंही म्हटलं आहे.

आणि एक वही. सुट्टीची वही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी 1924 ते 1930 शिकवत होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. घरातली वही त्याहून खूप साधी असू शकते. ज्या मुलाला लिहिता येत नाही त्याने रात्री दोन वाक्यं सांगायची आणि मोठ्याने ती जशीच्या तशी लिहायची, त्याच्याच बोलीत. घरात अहिराणी असेल तर अहिराणीत, कोकणी असेल तर कोकणीत. मूल ‘मना झोका’ म्हणालं तर ‘माझा झोका’ असं दुरुस्त करून लिहू नका. आपलं बोलणं कागदावर उतरतं आणि उद्या परत वाचता येतं, हे कळणं हीच वाचनाची पहिली पायरी आहे. पुस्तकाची मराठी पुढे येणारच आहे, आणि घरच्या भाषेत भरपूर बोलणारं मूल ती लवकर उचलतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी शाळेत कधी गेल्या नाहीत. मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी बहिणाबाईंची गाणी ऐकून लिहून ठेवली, म्हणून 1952 साली ती पुस्तकरूपाने मराठीला मिळाली. बोलीतलं बोलणं लिहून ठेवण्याची किंमत खानदेशाला वेगळी सांगायला नको.

साक्री आणि नंदुरबारकडच्या कितीतरी कुटुंबांची सुट्टी मात्र निराळी असते. दिवाळीच्या सुमाराला ती गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्या मुलांची शाळा आधीच महिनोन्महिने बुडालेली असते. त्यांच्यासाठी पहिला आठवडा मोकळा सोडा असं मी म्हणणार नाही. तिथे वाचन पहिल्या दिवसापासून सुरू व्हावं, आणि ते आईबापांवर टाकू नये. पाड्यावरच्या सातवी-आठवीतल्या मुलामुलींनी सकाळी तासभर चार-पाच लहानग्यांना एका झाडाखाली घेऊन बसावं. शाळेतून दहा गोष्टीची पुस्तकं सुट्टीपुरती मागून आणावी. मुख्याध्यापकांनी ती कपाटात कुलूपबंद ठेवण्यात काही अर्थ नाही.

आखणी एका कागदावर मावली पाहिजे. सहा चौकोन, प्रत्येक आठवड्याला एक. त्यात घरचं मोठं काम लिहायचं : वाळवण, कांदा, लग्न, सावली, आंबे, बियाणं. खाली रोजच्या तीन वेळा : सकाळी बाहेरचं, दुपारी पुस्तक, रात्री वही. बस. एखादा दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेऊ नका. शेवटच्या आठवड्यात मृगाच्या आधी बी तपासायची जुनी रीत मुलाच्या हातून करून घ्या : मक्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चार-पाच दिवसांनी उलगडून किती उगवले ते मोजायचं. शेतकऱ्यालाही हा आकडा हवा असतो, आणि पहिलीत जाणाऱ्या मुलाला शंभर म्हणजे नेमके किती, हे यातून समजतं.

शाळा उघडेल त्या दिवशी ही वही दप्तरात घाला आणि वर्गशिक्षकांना स्वतः भेटून दाखवा. सुट्टीत गृहपाठ पूर्ण केला का, हा प्रश्न त्यांनी विचारायच्या आत तुम्ही सांगा की या मुलीने दोनशे पापड मोजले आहेत, सावली नाहीशी झालेली पाहिली आहे, आणि तिला एक गोष्ट अहिराणीत सांगायची आहे. वर्गाची सुरुवात तिच्यापासून करा, अशी विनंती करा.